ग्रामीण कुटुंबाचे उत्पन्न कसे मोजतात : पानिपत जिल्ह्याचे उदाहरण

पानिपत हे नाव मराठी वाचकाला १७६१ सालच्या रणसंग्रामामुळे परिचित आहे. त्या रणभूमीच्या आसपास आज जे जीवन चालते त्याचा परिचय मात्र आपल्याला फारसा नसतो. हरियाणा राज्यातील हा जिल्हा यमुनेच्या पश्चिम तीरावर, दिल्लीहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसला आहे. त्याच्या पूर्वेला नदी आहे आणि मधून पश्चिम यमुना कालव्याचे पाणी जाते. गहू आणि भात ही त्याची मुख्य पिके होत. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी हातमाग, यंत्रमाग, घोंगड्या, गालिचे आणि जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्याचे कारखाने आहेत. शहराच्या पश्चिमेस खनिज तेलाचा मोठा शुद्धीकरण कारखाना १९९८ मध्ये सुरू झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती आणि तिच्यातील निम्म्याहून थोडे अधिक लोक खेड्यांत राहत होते.

ह्या खेड्यांतील सामान्य कुटुंबाला वर्षाकाठी किती उत्पन्न मिळते आणि गेल्या काही दशकांत ते वाढले की घटले, असा प्रश्न आपण विचारला असे समजू. प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर देण्यासाठी मात्र ‘सामान्य’ म्हणजे कोण, ‘कुटुंब’ म्हणजे काय, ‘उत्पन्न’ कशाला म्हणावे आणि ‘जिल्हा’ म्हणजे नेमका कोणता भूभाग, ह्या चारही शब्दांचा अर्थ आधी निश्चित करावा लागतो. ह्या उत्तरावर शिधापत्रिका, घरकुल, शिष्यवृत्ती आणि वैद्यकीय साहाय्य अवलंबून असल्यामुळे हा विषय केवळ संख्याशास्त्रज्ञांचा राहत नाही.

सरासरी आणि मध्यक

‘सामान्य कुटुंब’ शोधण्याचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे सरासरी काढणे. सर्व कुटुंबांच्या उत्पन्नाची बेरीज करावी आणि कुटुंबांच्या संख्येने तिला भागावे. ह्या मार्गातील दोष पाहण्यासाठी नऊ घरांच्या एका काल्पनिक वस्तीचे उदाहरण घेऊ. तेथील कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न हजार रुपयांत पुढीलप्रमाणे आहे असे माना : ५४, ६६, ७८, ९०, १०८, १३२, १८०, ३३० आणि १,२१२. शेवटचे कुटुंब मोठ्या जमीनदाराचे असून त्याची मंडईत अडतही आहे. एकूण बेरीज २२ लाख ५० हजार होते आणि सरासरी निघते २ लाख ५० हजार. परंतु नऊपैकी सात कुटुंबांचे उत्पन्न ह्या सरासरीहून कमी आहे. जो आकडा सातजणांना लागू पडत नाही त्याला सामान्य कसे म्हणावे?

आता हीच कुटुंबे उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने एका ओळीत उभी करू आणि बरोबर मधल्या, म्हणजे पाचव्या, कुटुंबाकडे बोट दाखवू. त्याचे उत्पन्न १ लाख ८ हजार आहे. चार कुटुंबे त्याच्या खाली आहेत आणि चार वर. ह्या मधल्या मूल्याला संख्याशास्त्रात ‘मध्यक’ म्हणतात. अडतीच्या मालकाचे उत्पन्न उद्या दुप्पट झाले तर सरासरी सुमारे ३ लाख ८५ हजारांवर जाईल, मध्यक जागचा हलणार नाही. ओळीच्या मध्यभागी उभ्या असलेल्या कुटुंबाचे खरोखर काय झाले हे मध्यक सांगतो.

मध्यकालाही मर्यादा आहेत. तळच्या दोन कुटुंबांचे उत्पन्न निम्मे झाले तरी तो हलत नाही. म्हणून जाणकार लोक मध्यकाबरोबर ओळीतील पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थांशाची मूल्येही देतात. दुसरी अडचण हिशेबाची आहे. समालखा तहसिलीची सरासरी आणि इसराना तहसिलीची सरासरी ठाऊक असेल, तर कुटुंबसंख्येचा भार देऊन दोन्हींची मिळून सरासरी काढता येते. दोन तहसिलींच्या मध्यकांवरून मात्र एकत्र मध्यक काढता येत नाही. त्यासाठी सगळी कुटुंबे पुन्हा एका ओळीत उभी करावी लागतात. साहजिकच मध्यक हवा असेल तर घरोघरची माहिती हवी. एकूण पीक किंवा एकूण महसूल ह्यांच्या आकड्यांवरून तो मिळत नाही.

सरासरी आणि मध्यक ह्यांत केवढे अंतर पडू शकते हे प्रत्यक्ष पाहणीतूनही दिसून आले आहे. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील मेरिलंड विद्यापीठ ह्यांनी २००४-०५ मध्ये देशभरातील ४१,५५४ कुटुंबांची पाहणी केली. तीत भारतीय कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सरासरीने ४७,८०४ रुपये, तर मध्यकाने २७,८५७ रुपये आढळले. ग्रामीण कुटुंबाचा मध्यक सुमारे २२,४०० रुपये होता. देशातील निम्म्या कुटुंबांना सरासरीच्या तीन-पंचमांशाहूनही कमी रकमेत वर्ष काढावे लागत होते.

कुटुंब कोणते आणि उत्पन्न कोणते

पाहणीमध्ये कुटुंब म्हणजे सामान्यतः एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. रक्ताचे नाते ही त्याची कसोटी नसून चूल ही कसोटी आहे. दोन भाऊ एकाच अंगणात राहतात, शेतीही एकत्र कसतात, पण चुली वेगळ्या आहेत, तर ती दोन कुटुंबे ठरतात. धाकटा मुलगा दिल्लीत नोकरी करून दरमहा पैसे पाठवीत असेल तर तो ह्या कुटुंबात मोजला जात नाही, पण त्याने पाठविलेली रक्कम कुटुंबाच्या हातात येते. ती स्वतंत्र सदरात दाखवावी लागते. उलटपक्षी, कारखान्यांच्या आसपासच्या खेड्यांत उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. चारपाच कामगार मिळून एक चूल चालवीत असतील तर त्यांचे एक कुटुंब धरायचे काय, आणि पाहणी करणारा गावात येतो तेव्हा दिवसपाळीवर गेलेले हे लोक त्याला भेटतात तरी काय? ज्यांचा हिशेब सुटतो ते बहुधा ओळीच्या तळाकडचे असतात.

उत्पन्नाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. दरमहा पगार घेणाऱ्याला उत्पन्न विचारले तर तो एक आकडा सांगतो. शेतकऱ्याला असा एक आकडा ठाऊक नसतो, कारण त्याचे उत्पन्न हे अनेक जमांमधून अनेक खर्च वजा केल्यावर उरणारे शेष असते. गहू एप्रिलमध्ये निघतो आणि भात ऑक्टोबरच्या सुमारास. मंडईत माल विकल्यावर अडत्या आधी दिलेली उचल कापून घेतो आणि उरलेली रक्कम हाती ठेवतो. शेतकरी हीच उरलेली रक्कम आपले उत्पन्न म्हणून सांगण्याची शक्यता असते. हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबर नाही. पूर्ण विक्रीची रक्कम जमेस धरून तीतून बियाणे, खत, औषध, डिझेल, मजुरी आणि जमिनीचा खंड वजा करावा लागतो. उचलीची फेड हा शेतीचा खर्च नव्हे, आणि घेतलेली उचल हे उत्पन्नही नव्हे.

घरी ठेवलेला गहू आणि घरच्या म्हशीचे दूध हा दुसरा कठीण भाग. हरियाणातील खेड्यांत मुऱ्हा जातीची म्हैस हे पुष्कळ घरांचे दुसरे शेतच असते. दूध डेअरीत घातले तर पैसे दिसतात, मुलांनी प्याले तर दिसत नाहीत. दोन्ही दुधांचे मोल सारखेच आहे, म्हणून घरी वापरलेल्या मालालाही गावातील भाव लावून तो उत्पन्नात धरावा लागतो. चारा कापणे, म्हशींची निगा राखणे, गोवऱ्या थापणे ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात. त्यांना मजुरी मिळत नाही आणि म्हणून त्यांची नोंदही सहजासहजी होत नाही. घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी खर्चात धरावी की न धरावी, ह्यावर शेतीचे निव्वळ उत्पन्न किती निघेल हे पुष्कळसे अवलंबून असते.

उलट काही मोठ्या रकमा उत्पन्न नसतात. महामार्ग किंवा कारखान्यासाठी जमीन संपादन झाली आणि कुटुंबाला भरपाई मिळाली, तर ती भांडवलाच्या बदल्यात आलेली रक्कम आहे. तिला त्या वर्षाचे उत्पन्न मानले तर ते कुटुंब एक वर्ष ओळीच्या वरच्या टोकाला जाऊन उभे राहील आणि पुढच्या वर्षी जमीन गेलेली असल्यामुळे मागे येईल. दिल्लीच्या परिसरातील जिल्ह्यांत हा प्रश्न वारंवार उद्भवतो.

जुन्या कागदपत्रांतून काय मिळते

भूतकाळातील उत्पन्न जाणण्यासाठी प्रथम दृष्टी जाते ती महसुली दप्तराकडे. पानिपत ह्या बाबतीत भाग्यवान आहे. १८५७ च्या उठावानंतर हा भाग पंजाब प्रांताला जोडण्यात आला आणि १८७२ ते १८८० ह्या काळात डेन्झिल इबेट्सन ह्या अधिकाऱ्याने पानिपत तहसील व कर्नाल परगणा यांची जमाबंदी नव्याने केली. त्याचा १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल आजही अभ्यासकांना मोलाचा वाटतो. जमिनीचा मगदूर, पाण्याची सोय, कालव्यालगतच्या जमिनी पाणथळ आणि क्षारयुक्त होण्याचा धोका, गावाची रचना, जातीजमाती आणि चालीरीती ह्यांचे वर्णन त्यात आहे. परंतु त्याचा हेतू सारा ठरविण्याचा होता. त्यामुळे त्याने मोजले ते जमिनीचे उत्पन्न, घराचे नव्हे. ज्याच्या नावावर जमीन नाही असा मजूर किंवा विणकर ह्या हिशेबात फारसा येत नाही.

त्याच सुमारास दादाभाई नौरोजींनी वेगळ्या हेतूने हिशेब मांडला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७-६८ साली माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये पडते, असे त्यांनी सरकारी आकड्यांवरूनच दाखविले, आणि पुढे पंजाबच्या १८७६-७७ च्या पिकांचाही हिशेब मांडला. तो काळाच्या मानाने मोठा पराक्रम होता. पण ही सरासरी होती, आणि सरासरीत संस्थानिक व सावकार यांचाही वाटा मिसळलेला असतो हे दादाभाईंच्या चांगले ध्यानात होते. सामान्य माणसाच्या वाट्याला त्याहूनही कमी येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. मध्यक ही कल्पना त्यांनी वापरली नाही, तरी त्यांची शंका नेमकी तीच होती.

विसाव्या शतकात दृष्टी जमिनीकडून घराकडे वळली. पंजाबात १९१९ मध्ये आर्थिक चौकशी मंडळ स्थापन झाले आणि त्याने निवडक शेतकऱ्यांचे जमाखर्च प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. माल्कम डार्लिंग ह्यांनी १९२५ मध्ये पंजाबी शेतकऱ्याच्या समृद्धीचा आणि कर्जाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याकडे डॉ. हॅरल्ड मान ह्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये ती छापली, आणि १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली वाई तालुक्यातील शेती-व्यवसायाची पाहणी केली. ह्या सर्व अभ्यासांनी एक गोष्ट शिकविली. घराचे उत्पन्न कळायचे असेल तर घराच्या उंबऱ्याशी जावे लागते.

पाहणी आणि तिची भाषा

स्वातंत्र्यानंतर प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिने खर्चाची पाहणी हे आपले मुख्य अंग मानले. उत्पन्न विचारण्याचे प्रयोग १९५० व १९६० नंतरच्या दशकांत झाले आणि १९८३-८४ मध्ये एक प्राथमिक पाहणीही झाली, पण लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्या खर्च आणि बचत यांच्या बेरजेहून कमी भरू लागले. लोक उत्पन्न कमी सांगतात ह्यामागे नेहमीच लबाडी असते असे नाही. जो आकडा मुळात कोणी मांडलेलाच नसतो तो आठवून सांगताना काही ना काही सुटतेच. प्राप्तिकराच्या नोंदींचाही येथे उपयोग होत नाही, कारण शेतीचे उत्पन्न त्या करातून मुक्त आहे. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये देशव्यापी कौटुंबिक उत्पन्नाच्या स्वतंत्र पाहणीची घोषणा केली, ती ह्या दीर्घ इतिहासाच्या पार्श्वभूमीवर.

मधल्या काळात शेतकरी कुटुंबांच्या स्थितीची पाहणी तीनदा झाली. तिच्यानुसार हरियाणातील अशा कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न २००२-०३ मध्ये २,८८२ रुपये, २०१२-१३ मध्ये १४,४३४ रुपये आणि २०१८-१९ मध्ये २२,८४१ रुपये होते. महाराष्ट्राचे शेवटच्या दोन वर्षांचे आकडे अनुक्रमे ७,३८६ आणि ११,४९२ असे आहेत. ह्या पाहणीतून आणखी एक गोष्ट उघड झाली. २०१२-१३ मध्ये देशातील शेतकरी कुटुंबाला पिकांपासून ३,०८१ रुपये आणि मजुरी वा पगारातून २,०७१ रुपये मिळत होते. २०१८-१९ मध्ये पिकांपासून ३,७९८ आणि मजुरी वा पगारातून ४,०६३ रुपये मिळाले. शेतकऱ्याच्या घरातही शेतीहून अधिक पैसा आता मजुरी-नोकरीतून येऊ लागला आहे. पानिपतसारख्या कारखानदारीच्या जिल्ह्यात पिकांच्या आकड्यांवरून कुटुंबाचे उत्पन्न अनुमानणे किती अपुरे ठरेल हे त्यावरून ध्यानात येईल.

वर दिलेले आकडे सरासरीचे आहेत, मध्यकाचे नाहीत. ते राज्याचे आहेत, जिल्ह्याचे नाहीत. आणि त्यांत भूमिहीन मजुरांची बहुतेक कुटुंबे येत नाहीत. त्यांच्यावरून पानिपत जिल्ह्यातील सामान्य ग्रामीण कुटुंबाविषयी थेट विधान करणे चुकीचे होईल.

वर्गवारीतून मध्यक

पाहणीचे आकडे पुष्कळदा प्रत्येक कुटुंबाचे वेगळे न मिळता गटागटांनी मिळतात. अशा वेळी मध्यक कसा काढतात ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. जिल्ह्यातील ४०० ग्रामीण कुटुंबे निवडली. ६० हजारांहून कमी वार्षिक उत्पन्न असलेली ६८ कुटुंबे निघाली. ६० हजार ते १ लाख २० हजार ह्या गटात १०२. १ लाख २० हजार ते १ लाख ८० हजार ह्या गटात ९६. १ लाख ८० हजार ते ३ लाख ह्या गटात ८४. आणि ३ लाखांच्या वर ५०.

मधले कुटुंब दोनशेवे. पहिल्या दोन गटांत मिळून १७० कुटुंबे संपतात. म्हणून दोनशेवे कुटुंब तिसऱ्या गटातील तिसावे होय. ह्या गटातील ९६ कुटुंबे ६० हजारांच्या अंतरात सारख्या अंतराने पसरली आहेत असे मानले, तर ३० भागिले ९६ गुणिले ६० हजार म्हणजे १८,७५० रुपये गटाच्या खालच्या मर्यादेत मिळवावयाचे. मध्यक आला १ लाख ३८ हजार ७५० रुपये. वरच्या शेवटच्या गटातील ५० कुटुंबांना तीन लाखांहून किती अधिक मिळते हे विचारण्याची गरजही पडली नाही. श्रीमंत कुटुंबे आपले उत्पन्न पूर्ण सांगत नाहीत हे माहीत असताना मध्यकाचा हा गुण फार उपयोगी पडतो.

परंतु ४०० कुटुंबे म्हणजे जिल्हा नव्हे. दुसरी ४०० निवडली असती तर दुसरा आकडा आला असता. ह्या अनिश्चिततेची मर्यादा सांगता येते. निवड पूर्णपणे यदृच्छेने झाली असेल, तर खरा मध्यक सुमारे १८० व्या आणि २२० व्या कुटुंबांच्या दरम्यान असण्याची शक्यता शंभरात ९५ आहे. आपल्या उदाहरणात ह्याचा अर्थ १ लाख २६ हजार ते १ लाख ५१ हजार. केवळ १०० कुटुंबे घेतली असती तर ही मर्यादा चाळिसाव्यापासून एकसष्टाव्यापर्यंत, म्हणजे ओळीच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याइतकी, पसरली असती. शिवाय प्रत्यक्षात कुटुंबे सुटी न निवडता आधी काही गावे व मग त्या गावांतील घरे निवडतात. एका गावातील घरे एकमेकांसारखी असतात. कालव्याकाठच्या गावी पाणी सर्वांनाच मिळते, खादरच्या म्हणजे नदीकाठच्या सखल भागात पूर आला तर सर्वांचेच पीक जाते. म्हणून खरी अनिश्चितता याहून मोठी असते. एका वर्षी १ लाख ३० हजार आणि दुसऱ्या वर्षी १ लाख ४० हजार असे मध्यक आले, तर उत्पन्न वाढले असे म्हणण्याआधी थांबावे लागते.

दोन काळांची तुलना

काळाच्या ओघात पैशाची किंमत बदलते हे सर्वांना ठाऊक आहे. हरियाणाच्या शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न २०१२-१३ ते २०१८-१९ ह्या सहा वर्षांत ५८ टक्क्यांनी वाढलेले दिसते. ह्या काळात किमती ३० टक्क्यांनी वाढल्या असे उदाहरणादाखल धरले, तर नंतरचे २२,८४१ रुपये आधीच्या वर्षाच्या भावाने सुमारे १७,५७० होतात आणि खरी वाढ सुमारे २२ टक्के उरते. ग्रामीण भागासाठी सिमल्याचा श्रम विभाग शेतमजुरांचा किंमत निर्देशांक दीर्घकाळ काढीत आला आहे. त्यात अन्नधान्याचा भार मोठा असतो. धान्य विकत घेणाऱ्या मजुराला तो योग्य ठरतो, पण घरचे धान्य खाणाऱ्या शेतकऱ्याला तसाच लागू पडेलच असे नाही.

दुसरा बदल सीमेचा. पानिपत हा १ नोव्हेंबर १९८९ पर्यंत कर्नाल जिल्ह्याचा भाग होता. त्या दिवशी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला, २४ जुलै १९९१ रोजी तो पुन्हा कर्नालमध्ये विलीन झाला आणि १ जानेवारी १९९२ पासून पुन्हा वेगळा झाला. १९८१ च्या ‘कर्नाल’च्या आकड्याशी २०११ च्या ‘पानिपत’चा आकडा ताडून पाहणे म्हणजे दोन वेगळ्या प्रदेशांची तुलना करणे होय. तुलना करायची असेल तर जुन्या गावनिहाय याद्यांतून आजच्या सीमेतील गावे वेचून घ्यावी लागतात.

त्याहून सूक्ष्म बदल ‘ग्रामीण’ ह्या शब्दाचा आहे. शहरालगतचे आणि हमरस्त्यावरचे गाव वाढते, तेथे शेतीबाहेरचा रोजगार येतो, आणि पुढच्या जनगणनेत ते शहरी म्हणून गणले जाते किंवा नगरपालिकेच्या हद्दीत जाते. जी गावे समृद्ध होतात तीच ग्रामीण यादीतून बाहेर पडतात. उरलेल्या गावांतील एकाही कुटुंबाचे उत्पन्न कमी झाले नाही तरी ग्रामीण मध्यक खाली येऊ शकतो. पानिपतसारख्या झपाट्याने शहरी होणाऱ्या जिल्ह्यात हा परिणाम दुर्लक्षून चालणार नाही.

तिसरा बदल घराच्या आकाराचा. तीन भावांचे एकत्र कुटुंब वर्षाला ३ लाख ६० हजार मिळवीत होते. चुली वेगळ्या झाल्या आणि प्रत्येकाच्या वाट्याला १ लाख २० हजार आले. कोणी गरीब झाले नाही, पण यादीतील एका सुस्थितीतील कुटुंबाची जागा आता तीन अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनी घेतली. म्हणून दीर्घकालीन तुलनेत कुटुंबाच्या उत्पन्नाबरोबर माणशी उत्पन्नही पाहतात.

शेवटचा बदल व्याख्येचा. शेतकरी कुटुंबांच्या पाहणीत २००२-०३ साली जमीन असणे ही अट होती. २०१२-१३ साली ती अट जाऊन वर्षाला शेतीतून ३,००० रुपयांहून अधिक मालाचे उत्पादन ही अट आली, आणि २०१८-१९ साली ती मर्यादा ४,००० झाली. तिन्ही वेळी नाव जवळपास तेच राहिले, मोजली गेलेली माणसे मात्र तीच राहिली नाहीत.

थोड्या माहितीत अधिक बळ

जिल्हा लहान, नमुना लहान, अशा वेळी काय करावे? अमेरिकेत प्रत्येक परगण्याच्या, म्हणजे तेथील ‘काउंटी’च्या, कौटुंबिक उत्पन्नाचा मध्यक नियमाने प्रसिद्ध होतो. तेथेही ग्रामीण परगण्यात पाहणीची घरे फार थोडी असतात. त्यावर दोन उपाय योजले गेले. पहिला उपाय म्हणजे लागोपाठ पाच वर्षांची माहिती एकत्र करणे. अनिश्चितता घटते, पण येणारा आकडा कोणत्याही एका वर्षाचा राहत नाही, आणि पाठोपाठच्या दोन आकड्यांत चार वर्षे सामाईक असल्यामुळे अचानक आलेली आपत्ती त्यांत पुसट होते. दुसरा उपाय फे आणि हेरिअट ह्या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडला. पाहणीतून आलेला आकडा आणि इतर नोंदींवरून अनुमानलेला आकडा ह्यांची सांगड घालावयाची. जेथे नमुना मोठा तेथे पाहणीला अधिक भार द्यावयाचा, आणि जेथे नमुना लहान तेथे अनुमानाला.

हीच पद्धत आपल्या जिल्ह्याला लावता येण्यासारखी आहे. हरियाणात दर पाच वर्षांनी गावाची जमाबंदी लिहिली जाते आणि प्रत्येक हंगामात पटवारी गिरदावरी म्हणजे पिकांची पाहणी करतो. आपल्याकडच्या सात-बाराशी त्याचे साम्य वाचकाच्या ध्यानात येईल. ह्या नोंदींत जनगणनेतील रोजगाराचे आणि घरांचे तपशील, विजेच्या जोडण्या आणि मंडईतील आवक जोडली, तर गावाच्या उत्पन्नाचे बऱ्यापैकी अनुमान करता येईल. मात्र ह्या अनुमानाला टेकण्यासाठी काही ठिकाणी तरी प्रत्यक्ष पाहणीची भक्कम जमीन लागते. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०२५ पासून नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक मानण्यास आरंभ केला आहे, हे ह्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल आहे.

आकडा आणि हक्क

हरियाणात २०२१ साली परिवार ओळखपत्राचा, म्हणजे ‘परिवार पहचान पत्रा’चा कायदा झाला. कुटुंबाच्या माहितीबरोबर त्याचे वार्षिक उत्पन्नही त्यात नोंदले जाते, आणि दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिकेसाठी त्याची मर्यादा १ लाख २० हजारांवरून १ लाख ८० हजार रुपये करण्यात आली. वरवर पाहता आता प्रत्येक घराचे उत्पन्न नोंदलेले असल्यामुळे मध्यक काढणे सोपे झाले असे वाटेल. पण ज्या आकड्यावर धान्य आणि औषधपाणी अवलंबून असते तो आकडा सांगताना माणूस मर्यादेकडे पाहूनच सांगणार, आणि तपासणाराही मर्यादेकडे पाहूनच तपासणार. पाहणीसाठी सांगितलेले उत्पन्न आणि हक्कासाठी सांगितलेले उत्पन्न ह्या दोन भिन्न जातींच्या माहिती आहेत. एकीवरून दुसरीची दुरुस्ती करता येईल, पण एकीच्या जागी दुसरी ठेवता येणार नाही.

ह्यातून एक व्यावहारिक धडा मिळतो. आपल्या उदाहरणातील मध्यकाची अनिश्चितता १२-१३ हजार रुपयांची होती. एका कुटुंबाच्या उत्पन्नाविषयी असणारी अनिश्चितता याहून कितीतरी मोठी असते. भाताला पाऊस लागला, म्हैस आटली, कारखान्याने महिनाभर काम दिले नाही, की तेच कुटुंब १ लाख ९० हजारांवरून १ लाख ६० हजारांवर येते. अशा डळमळत्या आकड्याच्या एका बाजूला सर्व सवलती आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही अशी रेघ ओढली, तर रेघेजवळच्या पुष्कळ घरांच्या बाबतीत निर्णय योगायोगावर सोपविल्यासारखे होते. उत्पन्नाबरोबर जमीन, घर, आजार, कमावती माणसे ह्यांचाही विचार व्हावा आणि हरकत घेण्याची वाट मोकळी असावी, असे अभ्यासक सुचवितात ते ह्यासाठीच.

तेव्हा ग्रामीण कुटुंबाच्या उत्पन्नाचा एखादा आकडा समोर आला की वाचकाने त्याला काही प्रश्न अवश्य विचारावेत. ही सरासरी आहे की मध्यक? कोणती कुटुंबे मोजली आणि कोणती सुटली? घरचे धान्य-दूध धरले आहे काय? कोणत्या वर्षाच्या भावाने? तेव्हाची आणि आताची हद्द एकच आहे काय? नमुना किती घरांचा आणि अनिश्चितता किती? ह्या प्रश्नांची उत्तरे ज्या आकड्यासोबत दिलेली असतात तो आकडा मोठा असो वा लहान, विश्वासास पात्र होतो. समालखा किंवा बापौलीच्या एखाद्या खेड्यातील कुटुंब वीस वर्षांपूर्वीपेक्षा आज खरोखर सुस्थितीत आहे काय, हे अशाच आकड्यावरून ठरविता येईल.